१७,५०० लगेच घ्यायचे की दहा वर्षं थांबून सगळं माफ करून घ्यायचं? अमेरिकेतल्या शिक्षकांचं स्टुडंट लोन

ताई, तुमचा प्रश्न बाकीच्यांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात सांगते. तुम्ही न्यू जर्सीत एका टायटल वन (गरीब मुलांसाठी जादा फेडरल निधी मिळणाऱ्या) पब्लिक स्कूलमध्ये ऑगस्ट २०२२ पासून स्पेशल एज्युकेशन शिकवताय, ग्रीन कार्ड आल्यावर एम.एड.साठी ४६,००० डॉलरचं फेडरल लोन घेतलंय, तुमचा पगार ५६,००० च्या आसपास, मिस्टर आयटीत आणि त्यांचा १,४०,०००, दोन मुलं. लोन सेव्ह नावाच्या, उत्पन्नावर हप्ता ठरवणाऱ्या फेडरल प्लॅनमध्ये होतं, तो प्लॅन कोर्टात गेल्याने ते २०२४ पासून अडकून पडलंय. शाळेतली एक मैत्रीण म्हणतेय पाच वर्षं झाली की १७,५०० माफ होतात ते घेऊन टाक, दुसरी म्हणतेय अजिबात घेऊ नकोस दहा वर्षांनी सगळंच माफ होतं, आणि मिस्टर म्हणतायत एवढी कटकट कशाला, प्रायव्हेट बँकेकडून कमी व्याजात रिफायनान्स करून मोकळे होऊ.

मी एका पब्लिक स्कूल डिस्ट्रिक्टच्या एचआरमध्ये काम करते, हे फॉर्म सहीसाठी माझ्याच टेबलावर येतात, त्यामुळे कुठे गाडी अडते ते रोज बघते.

सगळ्यात आधी रिफायनान्स. ते करू नका, निदान हा हिशोब पूर्ण होईपर्यंत तरी नाही. फेडरल लोन एकदा प्रायव्हेट बँकेकडे गेलं की ते फेडरल राहत नाही आणि मग दोन्ही माफीच्या योजना त्याच दिवशी संपतात, परत मागे येता येत नाही. व्याजात दीड-दोन टक्के वाचतील पण समोर १७,५०० दिसत असताना तो सौदा महागच पडतो.

आता तुमच्या दोन्ही मैत्रिणी खरं बोलतायत, फक्त वेगवेगळ्या योजनांबद्दल बोलतायत. पहिली म्हणते ती टीचर लोन फर्गिव्हनेस, १९९८ च्या कायद्यातून आलेली. तेव्हा सगळ्यांना ५,००० होते, मग २००४ मध्ये हायस्कूल लेव्हलचे मॅथ्स-सायन्सचे शिक्षक आणि कुठल्याही इयत्तेचे स्पेशल एज्युकेशनचे शिक्षक यांच्यासाठी ती रक्कम १७,५०० केली, बाकीच्यांना अजूनही ५,०००च. अट अशी की कमी उत्पन्नाच्या शाळेत सलग पाच पूर्ण शैक्षणिक वर्षं फुल टाइम शिकवलेलं पाहिजे. दुसरी मैत्रीण म्हणते ती पब्लिक सर्व्हिस लोन फर्गिव्हनेस, म्हणजे पीएसएलएफ, २००७ ची. ती फक्त शिक्षकांची नाही, सरकारी किंवा ५०१(सी)(३) नॉनप्रॉफिट संस्थेत आठवड्याला सरासरी ३० तास काम करणारा कोणीही, अगदी स्कूल बसचा ड्रायव्हरसुद्धा. १२० पात्र हप्ते भरले की उरलेलं सगळं माफ, कितीही असो. दोन्हीवर फेडरल इन्कम टॅक्स लागत नाही.

मेख इथे आहे आणि हे कोणी नीट सांगत नाही. एकच नोकरीचा काळ दोन्हीकडे मोजत नाहीत. म्हणजे पाच वर्षं दाखवून १७,५०० घेतले की त्या पाच वर्षांत भरलेले हप्ते पीएसएलएफच्या १२० मधून गेले, आणि पीएसएलएफ हवंच असेल तर त्यानंतर पुन्हा पहिल्यापासून दहा वर्षं. काही जण मला विचारतात की मग पीएसएलएफचा फॉर्म दरवर्षी भरला तर टीचर लोन फर्गिव्हनेस जाईल का, तर नाही, फॉर्म भरून काही जात नाही, जातं ते टीचरची माफी प्रत्यक्षात घेतल्यावर. म्हणून पाचवं वर्ष संपेपर्यंत दोन्ही दारं उघडी ठेवायची.

आता तुमचे आकडे घेऊ. व्याजदर साधारण ६ टक्के धरते. दहा वर्षांच्या स्टँडर्ड हप्त्यात ४६,००० चे महिन्याला साधारण ५११ डॉलर होतात. तुम्ही दोघं टॅक्स रिटर्न एकत्र भरता, म्हणजे इन्कमवर ठरणाऱ्या प्लॅनमध्ये मिस्टरांचा पगारही धरला जातो. त्यातल्या आयबीआर (इन्कम-बेस्ड रिपेमेंट) प्लॅनमध्ये १,९६,००० च्या उत्पन्नावर हिशोब केला तर हप्ता १,२०० च्या वर जातो, पण आयबीआरला वरची मर्यादा स्टँडर्ड हप्त्याची आहे, त्यामुळे तुम्ही ५११च भरणार. तुमचे पीएसएलएफचे आत्तापर्यंत मोजले गेलेले महिने माझ्या अंदाजाने १९-२० असतील, कारण मे २०२२ ला डिग्री झाली, सहा महिने ग्रेस पिरियड (हप्ता सुरू होण्याआधीची सवलत), डिसेंबर २०२२ पासून जून २०२४ पर्यंतचे महिने धरले जातात (कोविडमुळे हप्ते थांबले होते तेव्हाचे शून्य डॉलरचे महिनेही धरतात), आणि मग सेव्ह प्लॅन कोर्टात अडकला तेव्हापासूनचे महिने धरत नाहीत. उरले १००. शंभर महिने ५११ भरले तर ५१,१०० तुमच्या खिशातून जाणार आणि शेवटी माफ काय होणार, तर जेमतेम ९,७००. इकडे टीचर लोन फर्गिव्हनेस जून २०२७ मध्ये सरळ १७,५०० देते. म्हणजे रिटर्न एकत्रच भरत राहणार असाल तर दहा वर्षांची वाट बघण्यात काहीच अर्थ नाही, पहिल्या मैत्रिणीचं ऐका.

पण रिटर्न वेगवेगळे भरले तर सगळं चित्र उलटतं. मग फक्त तुमचे ५६,००० धरतात. तुम्ही आणि दोन मुलं असं तिघांचं कुटुंब धरलं तर २०२५ च्या पॉव्हर्टी गाइडलाइनच्या (सरकारने ठरवलेल्या गरिबीच्या उत्पन्नमर्यादेच्या) दीडपट म्हणजे ३९,९७५ वजा करायचे, उरले १६,०२५, त्याचे दहा टक्के वर्षाला, महिन्याला येतात १३४ डॉलर. (दहा टक्के कारण तुमचं लोन जुलै २०१४ नंतरचं आहे, त्याआधीच्यांना पंधरा टक्के लागतात.) जुलै २०२६ पासूनचा आरएपी नावाचा, उत्पन्नावरच चालणारा नवीन प्लॅन आहे, त्यात ५६,००० वर पाच टक्के म्हणजे महिन्याला २३३, त्यातून प्रत्येक मुलाचे ५० वजा, म्हणजे १३३. तुमच्या बाबतीत दोन्ही सारखेच. पण लक्षात ठेवा, आरएपीला वरची मर्यादा नाही, एकत्र रिटर्न भरून आरएपीत गेलात तर १,९६,००० च्या दहा टक्क्यांनी हप्ता दीड हजाराच्या वर जाईल. वेबसाइट तुम्हाला नवीन प्लॅन पुढे पुढे करेल, तेव्हा हे आठवा.

तर १३४ च्या हप्त्याने शंभर महिने म्हणजे १३,४००, पगार वाढेल तसा हप्ता वाढेल म्हणून १५ ते २० हजार धरा, आणि बाकी सगळं माफ. ऐकायला छानच आहे. पण वेगळं रिटर्न भरण्याची किंमत असते. स्टुडंट लोनच्या व्याजाची वजावट जाते, मुलांच्या डे-केअरचा क्रेडिट सहसा जातो, रॉथ आयआरएत (निवृत्तीच्या बचत खात्यात) पैसे टाकायची मुभा जवळजवळ संपते, टॅक्सचे स्लॅब बदलतात. चाइल्ड टॅक्स क्रेडिट मिळतो, तो जात नाही. म्हणून तुमच्या टॅक्सवाल्याला सांगा की रिटर्न दोन्ही पद्धतीने चालवून फरक दाखव, सॉफ्टवेअरमध्ये ते अर्ध्या तासाचं काम आहे. फरक वर्षाला दीड हजाराच्या आत आला तर साडेआठ वर्षांत तो १२-१३ हजार होतो, हप्ते धरून तुमचा एकूण खर्च ३० हजारांच्या आसपास, आणि टीचर लोन फर्गिव्हनेस घेतलं तर १७,५०० वजा होऊन जे तीसेक हजार उरतील ते व्याजासकट फेडायला ३५ हजारांच्या वर लागतील. म्हणजे पीएसएलएफ थोडं पुढे. फरक तीन हजार आला तर पीएसएलएफ मागे पडतं. दीड ते दोन हजाराच्या मध्ये कुठेतरी काटा फिरतो, आणि तुमच्या टॅक्सचा खरा आकडा हाती येईपर्यंत कोणीही, मी धरून, तुम्हाला ठाम उत्तर देऊ शकत नाही.

कॅलिफोर्निया, टेक्सास, वॉशिंग्टन इथल्या मराठी मैत्रिणींसाठी एक सांगते कारण तिकडे आपली वस्ती भरपूर आहे. ही कम्युनिटी प्रॉपर्टीची राज्यं आहेत (अ‍ॅरिझोना, नेवाडा, विस्कॉन्सिन वगैरे मिळून एकूण नऊ), तिथे वेगळं रिटर्न भरलं तरी नवरा-बायकोची कमाई एकत्र करून निम्मी-निम्मी दाखवावी लागते, त्यामुळे शिक्षिकेच्या रिटर्नवर तिच्या पगारापेक्षा बराच मोठा आकडा दिसतो. अशा वेळी सर्व्हिसरला (सरकारच्या वतीने तुमचे हप्ते सांभाळणाऱ्या कंपनीला) रिटर्नऐवजी स्वतःच्या पे-स्टब (पगाराच्या पावत्या) देऊन हप्ता ठरवायची विनंती करता येते, ती करा.

माझं स्वतःचं मत विचारलंत म्हणून सांगते. तुमच्या जागी मी टीचर लोन फर्गिव्हनेसकडे झुकेन, आणि त्याचं कारण सेव्हचा घोळ आहे. २०२४ पासूनचे ते अडकलेले महिने पीएसएलएफसाठी वाया गेलेत पण टीचर लोन फर्गिव्हनेसला तुम्ही हप्ते भरले की नाही याच्याशी घेणंदेणं नाही, त्यांना फक्त तुम्ही शिकवलं का एवढंच बघायचंय. म्हणजे जी वर्षं एकीकडे शून्य ठरली ती दुसरीकडे पूर्ण मोजली जातात. २०१७ पासून नियमित हप्ते भरत आलेली शिक्षिका मला हेच विचारते तेव्हा मी तिला उलट सांगते, की बाई तुझे ९० हप्ते झालेत, १७,५०० साठी त्यातले साठ घालवू नकोस. आणि जिला फक्त ५,००० मिळणार आहेत, म्हणजे साधी थर्ड ग्रेडची किंवा इंग्लिशची टीचर, तिने तर पीएसएलएफच्या वाटेवर असताना ते ५,००० घेऊच नयेत. लोनच मुळात १०-१२ हजार उरलं असेल तर मात्र खुशाल घ्यावेत. अडकलेले महिने पीएसएलएफमध्ये पैसे भरून परत विकत घ्यायची बायबॅक नावाची सोय आहे, पण ती १२० महिन्यांची नोकरी पूर्ण झाल्यावरच चालते आणि अर्जांचा ढीग खूप साचलाय, म्हणून तिच्या भरवशावर आत्ता निर्णय घेऊ नका.

काहीही ठरवा, सेव्हमध्ये बसून राहू नका. १ ऑगस्ट २०२५ पासून त्यावर पुन्हा व्याज सुरू झालंय, तुमच्या लोनवर महिन्याला २३० डॉलर नुसतं व्याज चढतंय, आणि २०२५ च्या कायद्याने तो प्लॅन बंदच करायचं ठरवलंय. आयबीआरचा अर्ज टाका. आणि १ जुलै २०२६ नंतर कुठलंही नवीन फेडरल लोन घेण्याआधी किंवा कन्सॉलिडेशन (जुनी लोनं मिळून एकच नवीन लोन) करण्याआधी दहादा विचार करा, कारण त्यानंतर जुने प्लॅन हातातून जातात.

आता फॉर्मकडे येते, कारण माझ्या डोळ्यांदेखत लोकांचं नुकसान झालंय ते इथेच आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, वर्षानुवर्षं मुलांसाठी राबलेली बाई एका तारखेपायी अडकते.

पीएसएलएफच्या फॉर्मवर नोकरीच्या तारखा असतात. पुष्कळ शिक्षिका तिथे सप्टेंबर ते जून असं शाळेचं वर्ष लिहितात, मग पुढच्या वर्षी परत सप्टेंबर ते जून, आणि उन्हाळ्याचे महिने मध्ये गळतात. तसं लिहू नका. पहिल्या कॉन्ट्रॅक्टची तारीख लिहा आणि शेवटी अजून नोकरीत आहे या चौकटीवर टिक करा. किमान आठ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट आणि त्यात सरासरी ३० तास असतील तर पूर्ण वर्षच धरतात, सुट्टी धरून. एम्प्लॉयर शोधताना शाळेचं नाव टाकू नका, डब्ल्यू-२ वर (पगाराच्या वार्षिक टॅक्स फॉर्मवर) बॉक्स बी मध्ये जो ईआयएन, म्हणजे एम्प्लॉयरचा नंबर असतो तो टाका, कारण पगार देतं ते डिस्ट्रिक्ट, शाळा नव्हे. आणि सही करणाऱ्याचा ईमेल नीट विचारून घ्या. सिस्टीम आमच्याकडे जी लिंक पाठवते ती बऱ्याचदा जंक फोल्डरमध्ये जाऊन पडते आणि तुम्ही तिकडे वाट बघत बसता, म्हणून पाठवलं की एचआरला एक फोन करा, आम्हाला त्याचा राग येत नाही. दरवर्षी भरा. सुरुवातीच्या काळात पीएसएलएफचे ९९ टक्के अर्ज नाकारले जात होते, लोक कोर्टात गेले, शिक्षकांची युनियन एएफटी २०१९ मध्ये गेली होती, आणि नाकारण्याची कारणं बघितली तर चुकीचा लोनचा प्रकार, चुकीचा प्लॅन, हप्ते पूर्ण नसणं, अर्धवट फॉर्म असलीच असायची, जी पहिल्याच वर्षी कळली असती.

टीचर लोन फर्गिव्हनेसचा फॉर्म वेगळा, तो पाच वर्षं पूर्ण झाल्यावरच द्यायचा आणि थेट तुमच्या सर्व्हिसरला, म्हणजे मोहेला, नेलनेट, एडव्हांटेज, एडफायनान्शियल जो असेल त्याला. त्यावर प्रिन्सिपल किंवा एचआरची सही लागते, शाळा बदलली असेल तर प्रत्येक ठिकाणची. स्पेशल एज्युकेशनची वेगळी चौकट असते आणि ती आम्ही टिक करतो तेव्हा बघतो की तुमच्या वर्गातली बहुतेक मुलं आयईपीवाली (स्पेशल एज्युकेशनचा वैयक्तिक आराखडा असलेली) आहेत का आणि तुमचं लायसन्स त्याच विषयाचं आहे का. इन्क्लुजन वर्गात (जिथे आयईपीवाली आणि बाकीची मुलं एकत्र शिकतात) को-टीचर असाल तर प्रिन्सिपलशी आत्ताच बोलून ठेवा, जून २०२७ मध्ये नाही. पूर्ण स्टेट लायसन्स लागतं, इमर्जन्सी किंवा प्रोव्हिजनलवर काढलेलं वर्ष सहसा अडचणीत येतं, मुंबई किंवा पुणे विद्यापीठाची बी.एड. असलेल्या बऱ्याच जणींचं इव्हॅल्युएशन होईपर्यंत तेच होतं. सबस्टिट्यूट आणि पॅरा (वर्गातली मदतनीस) म्हणून केलेलं काम इथे चालत नाही. काउन्सेलर, लायब्ररियन, स्पीच थेरपिस्ट यांनाही नाही, त्यांच्यासाठी पीएसएलएफच.

शाळा कमी उत्पन्नाची आहे हे टायटल वन म्हणण्यावरून ठरत नाही, फेडरल सरकारची टीचर कॅन्सलेशन लो इन्कम डिरेक्टरी आहे तिच्यात नाव पाहिजे. एक वर्ष जरी नाव असलं तरी पुढच्या वर्षांत निघालं तरी चालतं, त्याच शाळेत तुमची वर्षं मोजली जातात. दरवर्षीचं पान पीडीएफ करून ठेवा. आणि बाळंतपणाच्या रजेची भीती घालतात काही जणी, तर एफएमएलए या फेडरल रजा कायद्याखालच्या रजेमुळे वर्ष तुटलं तरी निम्मं वर्ष शिकवलेलं असेल आणि डिस्ट्रिक्टने ते वर्ष पगारवाढ, टेन्युअर, पेन्शनसाठी पूर्ण धरलं असेल तर ते मोजतात.

ज्यांच्याकडे २०१७ च्या आधीचं पर्किन्स लोन (कॉलेजमार्फत मिळणारं जुनं फेडरल लोन) अजून शिल्लक आहे त्यांनी कन्सॉलिडेशन अजिबात करू नये. ते शिक्षकांना पाच वर्षांत पूर्ण माफ होतं, पहिल्या दोन वर्षी १५-१५ टक्के, मग २०-२०, शेवटी ३०, आणि कन्सॉलिडेट केलं की ती सोय जाते. अर्ज कॉलेजकडे करायचा.

पैसे घेऊन हे सगळं करून देतो म्हणणाऱ्या कंपन्यांचे फोन तुम्हाला येतायत असं लिहिलंय तुम्ही. एक डॉलरही देऊ नका आणि एफएसए आयडीचा (फेडरल लोनच्या खात्याचा) पासवर्ड तर कोणालाच नाही. सगळे फॉर्म फेडरल स्टुडंट एडच्या साइटवर फुकट आहेत. माझ्याकडे आलेल्या एका टीचरकडून अशा एका कंपनीने दर महिन्याला पैसे घेतले आणि तिचं लोन फोर्बेअरन्समध्ये (हप्ते तात्पुरते थांबवून) टाकून ठेवलं, म्हणजे ती हप्ता समजून जे भरत होती त्यातलं काहीच लोनला गेलं नाही.

पहिल्या मास्टर्ससाठी भारतातल्या बँकेचं एज्युकेशन लोन आहे म्हणालात, त्याला इथली कुठलीच माफी लागू नाही, तसंच ग्रीन कार्डच्या आधी एच-४ (डिपेंडंट) व्हिसावर असताना घेतलेल्या प्रायव्हेट लोनलाही नाही. भारतात करपात्र उत्पन्न असेल, म्हणजे भाडं वगैरे, आणि जुनी कर पद्धत घेत असाल तर त्याच्या व्याजाची आठ वर्षं वजावट मिळते, तेवढंच. एकीकडे पैसे जास्त भरायची ऐपत असेल तर ती त्या लोनांवर वापरा, फेडरल लोनवर माफीच्या आधी एक पैसाही जास्तीचा भरू नका.

आणि तुमच्या नणंदेला कॉलेजने टीच ग्रँट (शिक्षक होणाऱ्यांसाठीचं फेडरल अनुदान) देऊ केलीय, घेऊ का म्हणतेय. कायद्यात वर्षाला ४,००० पर्यंत आहे, प्रत्यक्षात थोडी कापून मिळते. नाव ग्रँट आहे पण त्याबदल्यात शिक्षण संपल्यापासून आठ वर्षांत चार वर्षं कमी उत्पन्नाच्या शाळेत टंचाईचा विषय शिकवायची लेखी हमी द्यावी लागते, आणि ती पाळली नाही तर सगळी रक्कम लोन होते, व्याज पहिल्या दिवसापासूनचं. तिला स्पेशल एज्युकेशन, मॅथ्स किंवा बायलिंग्वल शिकवायचं नक्की असेल आणि पुढची काही वर्षं कुठे राहणार ते ठरलेलं असेल तरच घ्यावी. तिच्या नवऱ्याची नोकरी दर दोन वर्षांनी गाव बदलते म्हणालात, तेव्हा मी तरी तिला नको म्हणेन, त्यापेक्षा साधं डायरेक्ट लोन घेऊन पीएसएलएफची वाट धरू दे, तिथे राज्य बदललं, शाळा बदलली, मध्ये वर्षभर घरी बसली तरी आधीचे हप्ते कुठे जात नाहीत.